एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स: सामाईक गोष्टींचा हिशेब

विंडोज १०साठी येणारे सुरक्षेचे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि विंडोज ११साठी पात्र प्रोसेसरांची अधिकृत यादी, मोजके अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे यंत्र उत्तम चालत असूनही त्यावर पुढची आवृत्ती रीतसर घेता येणार नव्हती. घरगुती वापरकर्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत होती, पण तिने प्रश्न वर्षभर पुढे ढकलला गेला असता, इतकेच. रोजचे इंटरनेट, पत्रव्यवहार आणि बँकेची कामे विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त प्रणालीवर न्यायची, हे मी ठरवले.

केवळ लिनक्सवर राहणे मात्र मला शक्य नव्हते. मी डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम करते. संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, लग्नपत्रिका अशा कामांच्या माझ्याकडच्या जुन्या फायली श्रीलिपी आणि सी-डॅकचे आयएसएम या सॉफ्टवेअरमध्ये, सुरेख आणि योगेश यांसारख्या युनिकोडपूर्व (युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक चिन्हपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या) फॉन्टमध्ये आहेत. त्या फायलींतला मजकूर संगणकाच्या दृष्टीने देवनागरी नसतोच. रोमन चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात, आणि तो ठरावीक फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. जुने ग्राहक आजही मागच्याच वर्षीची पत्रिका घेऊन येतात आणि फक्त तारीख बदलून मागतात. लिनक्सच्या आत आभासी संगणक तयार करून त्यात विंडोज चालवण्याचा पर्याय मी विचारात घेतला होता; परंतु आठ जीबी मेमरी दोघांत वाटल्यावर पानांची जुळणी संथ होते, आणि जुन्या सॉफ्टवेअरचे डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची किल्ली) आभासी यंत्रातून ओळखले जाईल याची खात्री देता येत नाही. म्हणून एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली स्वतंत्रपणे बसवायच्या आणि सुरू करताना हवी ती निवडायची, हा मार्ग मी घेतला.

या कामाची माहिती वाचताना मला सर्वत्र प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनच्या पायऱ्या सापडल्या. त्या सोप्या आहेत आणि त्यांना वेळही कमी लागतो. अनुभवानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की या कामातल्या अडचणी त्या पायऱ्यांत नसतात. दोन भावांत शेताची वाटणी झाली, तरी विहीर आणि बांधावरची वाट सामाईक राहते आणि पुढचे वाद तिथेच होतात. तसेच येथे आहे. डिस्कचे भाग वेगळे करता येतात, पण सुरू होण्याची व्यवस्था, यंत्रातले घड्याळ, ब्लूटूथचा पत्ता आणि दोघांना लागणाऱ्या फायली या गोष्टी एकच राहतात, आणि प्रत्येक प्रणाली त्या सर्वस्वी आपल्याच आहेत असे धरून चालते. या सामाईक गोष्टींचा विचार आधी केला, तर बाकीचे काम सुरळीत होते.

पहिले काम अर्थातच बॅकअपचे. सर्व फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या, त्यातल्या काही दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या आणि विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्हही तयार करून ठेवला. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या भागांना, हात लावू नये.

त्यानंतर मी डिस्कची आतली रचना नीट पाहिली. ५१२ जीबी म्हणून घेतलेली एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४च्या पटीत. त्या डिस्कवर सी ड्राइव्हखेरीज आणखी तीन लहान भाग होते: सुरू होण्याच्या फायली ठेवणारे १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन, मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेले १६ एमबी आणि सुमारे ५०० एमबीचे रिकव्हरी पार्टिशन. सिस्टीम इन्फर्मेशन या खिडकीत बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ कार्यक्रमाचा) प्रकार यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचा, असा दाखवला जात होता. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण विंडोज ज्या पद्धतीने सुरू होते, त्याच पद्धतीने लिनक्सचा पेनड्राइव्ह सुरू करावा लागतो. एक यूईएफआय पद्धतीने आणि दुसरी जुन्या पद्धतीने बसली, तर दोघींना एका मेनूमध्ये आणणे अवघड होते.

सी ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद, म्हणजे कूटबद्ध, होता. हे अनेकांना आपल्या संगणकाबाबत ठाऊकही नसते, आणि अलीकडच्या विंडोज ११मध्ये तर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रथम प्रवेश करताच असे कुलूप बहुधा आपोआप लागते. सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाला, की बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो आणि ती हाताशी नसेल, तर आतला मजकूर गेल्यातच जमा असतो. मी ती की आधी कागदावर उतरवली, अंक पुन्हा पडताळले आणि मग कुलूप पूर्णपणे काढले. तात्पुरते स्थगित करण्याचीही सोय आहे. पण लिनक्सच्या मेनूतून विंडोज सुरू केल्यास बिटलॉकर पुन्हा की मागू शकतो, आणि माझ्या सी ड्राइव्हमध्ये यापुढे जुन्या पत्रिकांपेक्षा अधिक खासगी काही राहणार नव्हते. ज्यांच्या विंडोजमध्ये ग्राहकांची कागदपत्रे आहेत, त्यांनी कुलूप काढू नये. त्यांनी विंडोज थेट फर्मवेअरच्या (यंत्रातच बसवलेल्या त्या मूळ कार्यक्रमाच्या) मेनूतून सुरू करावे.

आता जागा मोकळी करणे. विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावे, या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, कारण आपल्या कोणत्या फायली कुठे आहेत याची खरी माहिती त्याच प्रणालीला असते. ड्राइव्हमध्ये भरपूर जागा रिकामी दिसत असूनही डिस्क मॅनेजमेंटने सुरुवातीला फारच थोडी देऊ केली. कारण असे की चालू विंडोजला काही फायली हलवता येत नाहीत: हायबरनेशनची (संगणक बंद करताना चालू अवस्था जपून ठेवणारी) फाइल, मेमरीला पूरक असणारी पेज फाइल आणि सिस्टीम रिस्टोअरच्या नोंदी. यांपैकी एखादी जरी डिस्कच्या शेवटाकडे बसलेली असली, तरी तिच्या अलीकडची रिकामी जागा कापता येत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हायबरनेशन बंद केले, पेज फाइल आणि सिस्टीम रिस्टोअर तात्पुरते थांबवले, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि मग २३५ जीबी मोकळे करता आले. सी ड्राइव्ह २४० जीबीचा राहिला. पेज फाइल आणि रिस्टोअर लगेच पूर्ववत केले. हायबरनेशन मात्र कायमचे बंद ठेवले.

ते का बंद ठेवले, हे सविस्तर सांगायला हवे, कारण दोन प्रणालींच्या संगणकावर मजकूर खराब होण्याचा सर्वांत मोठा धोका येथेच आहे. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तिच्यामुळे आपण शट डाउन केले, तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. गाभ्याची त्या क्षणीची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. त्या अवस्थेत ड्राइव्हवरच्या फायलींची यादीही असते. मधल्या काळात लिनक्सने त्याच ड्राइव्हवर काही लिहिले, तर परतलेल्या विंडोजला ते माहीत नसते आणि जुन्या यादीनुसार लिहिताना ते नवा मजकूर मोडू शकते. म्हणून लिनक्स अशा ड्राइव्हवर लिहिण्यास नकार देते आणि तो फक्त वाचण्यापुरता उघडते. आपल्या फायली लिनक्समध्ये बदलता येत नाहीत, अशी तक्रार अनेक जण करतात, तिचे मूळ बहुधा येथे सापडते. हायबरनेशन बंद केले, की फास्ट स्टार्टअपही बंद होतो. विंडोज सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, आणि तो मी आनंदाने देते.

लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांपैकी मी लिनक्स मिंटची २२ ही मालिका निवडली. ती उबंटूच्या २४.०४ या दीर्घकालीन आवृत्तीवर आधारलेली आहे आणि तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कामाच्या यंत्रावर दर सहा महिन्यांनी प्रणाली बदलण्याची माझी इच्छा नाही. उतरवलेल्या फाइलची तपासणी-बेरीज (ती अखंड उतरली की नाही हे दाखवणारी खूण) संकेतस्थळावर दिलेल्या बेरजेशी ताडून पाहिली आणि रूफस या सॉफ्टवेअरने ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवली. हा पेनड्राइव्ह लावून, डिस्कवर काहीही न लिहिता, मिंट चालवून पाहता येते. मी वायफाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर, झाकण मिटल्यावर झोपणे व पुन्हा जागे होणे हे सगळे तपासले. मराठी टंकलेखन त्याहून बारकाईने तपासले. माझा हात इनस्क्रिप्टवर बसलेला आहे, आणि मिंटमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असल्याने ऱ्य, ऱ्ह, ॲ, जोडाक्षरे आणि रफार हे सारे सवयीच्या कळांवर उमटले.

इन्स्टॉलेशनला बसण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरली आणि चार्जरही जोडून ठेवला. पार्टिशनची नोंद लिहिली जात असताना वीज जाणे परवडणारे नसते. इन्स्टॉलर विंडोजशेजारी आपोआप बसण्याचा पर्याय देतो, पण मी स्वतः पार्टिशन ठरवण्याचा पर्याय घेतला. मोकळ्या २३५ जीबीपैकी ५० जीबी प्रणालीसाठी, ७५ जीबी माझ्या होम फोल्डरसाठी (लिनक्समधल्या माझ्या स्वतःच्या फायलींसाठी), आणि उरलेले ११० जीबी दोन्ही प्रणालींना लागणाऱ्या फायलींसाठी सोडले. होम वेगळे ठेवल्यामुळे उद्या मिंट नव्याने बसवायची वेळ आली, तरी फायलींना धक्का लागत नाही. या खिडकीत एकाच गोष्टीवर नजर ठेवायची असते: विंडोजचे १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन वापरात घ्यायचे, पण ते फॉरमॅट करण्याची खूण लावायची नाही. ते पुसले गेले, तर विंडोज जागच्या जागी असूनही सुरू होत नाही. पुढे नाव, पासवर्ड आणि वेळेचा विभाग विचारला गेला आणि चहा होईपर्यंत काम संपले.

लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर ग्रबचा, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची हे विचारणाऱ्या कार्यक्रमाचा, मेनू आला आणि त्यात मिंटखाली विंडोजचेही नाव होते. हे नाव आपोआप येणे गृहीत धरू नये. २०२१मध्ये आलेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून, सुरक्षेच्या कारणास्तव, इतर प्रणाली शोधणारी ओएस-प्रोबर ही सोय मुळात बंद ठेवली जाते. मिंटच्या निर्मात्यांनी ती चालू ठेवली आहे. इतर काही लिनक्समध्ये ती सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने चालू करून मेनू नव्याने तयार करावा लागतो. मेनूत विंडोज न दिसल्यामुळे ते पुसले गेले असे समजून घाबरून पुन्हा सगळे फॉरमॅट करणारे लोक असतात, म्हणून हे आवर्जून लिहिते.

सुरू होण्याची यूईएफआय पद्धत दोन प्रणालींसाठी खरोखरच हितकारक आहे. पूर्वीच्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या तुकड्यात, त्यातही जेमतेम ४४६ बाइटमध्ये, सुरू होण्याचा कार्यक्रम बसवलेला असे. नंतर बसणारी प्रणाली आधीचीचा कार्यक्रम पुसून आपला लिहीत असे. आता ईएफआय पार्टिशनमध्ये प्रत्येकीचा स्वतंत्र फोल्डर असतो आणि कोणता आधी वापरायचा याचा क्रम फर्मवेअरमध्ये नोंदलेला असतो. मोठ्या अपडेटनंतर विंडोज स्वतःला त्या क्रमात वर आणू शकते, तेव्हा मिंट नाहीसे झाल्यासारखे वाटते. सुरू करताना यंत्राच्या बूट मेनूची कळ दाबून मिंट निवडता येते आणि क्रम पूर्ववत करता येतो. फक्त एक लक्षात ठेवावे: मिंटचा फोल्डर आणि नोंद दोन्ही उबंटू या नावाने असतात, त्यामुळे त्या यादीत मिंट शोधून सापडत नाही.

सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासू स्वाक्षरीचेच कार्यक्रम सुरू होऊ देणारी सोय, मी चालूच ठेवले. मिंटचा सुरुवातीचा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टच्या स्वाक्षरीचा असल्याने ते बंद करण्याची गरज पडली नाही. तरीही हीसुद्धा एक सामाईक जागा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने, असुरक्षित ठरलेले बूटलोडर (प्रणाली सुरू करणारे कार्यक्रम) बाद करणारी नोंद फर्मवेअरमध्ये बदलली, आणि दोन प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले. उपाय होता, पण तो करण्यासाठी लिनक्स सुरू करण्याचा दुसरा मार्ग जवळ असणे आवश्यक होते. म्हणून मिंटचा पेनड्राइव्ह मी पुसलेला नाही. त्यावर चिठ्ठी चिकटवून तो डोंगलच्याच डबीत ठेवला आहे.

मिंट वापरून झाल्यावर विंडोजमध्ये गेले, तर घड्याळ साडेपाच तास मागे होते; संध्याकाळचे सात वाजलेले असताना तिथे दुपारचा दीड दिसत होता. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहिते आणि पडद्यावर दाखवताना भारताचे साडेपाच तास मिळवते. विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक आहे असे समजून जशीच्या तशी दाखवते. इंटरनेट असेल, तर काही वेळाने वेळ दुरुस्त होते, पण माझे विंडोज यापुढे नेटशिवाय चालणार होते. चुकीच्या घड्याळाने फायलींच्या तारखा बिघडतात आणि कोणती प्रत नवी हे कळत नाही. आमच्या कामात त्याचा अर्थ चुकीची प्रत छपाईला जाणे असा होतो. यावर दोन उपाय आहेत: विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद घालून त्याला जागतिक वेळ वाचायला लावणे, किंवा लिनक्सला एका आज्ञेने यंत्रातले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगणे. तज्ज्ञ सहसा पहिला सुचवतात, कारण ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासाभराने पुढे करतात, तिथे दुसऱ्या उपायाने दोन्ही प्रणाली आपापला तास बदलून घोळ घालतात. भारतात घड्याळ वर्षभर तेच राहते. म्हणून मी दुसरा, अधिक सोपा उपाय निर्धास्तपणे केला आणि त्यानंतर वेळ बिघडलेली नाही.

सामाईक फायलींच्या ११० जीबींना मी विंडोजमधून एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केले. लिनक्सची ईएक्सटी४ पद्धत विंडोजला मुळात वाचता येत नाही. एक्सफॅट दोघांना येते, पण तिच्यात जर्नल नसते, म्हणजे लिहिता लिहिता वीज गेली, तर मागोवा घेऊन सावरण्याची सोय नसते. एनटीएफएसमध्ये ती असते आणि लिनक्स ती पद्धत चांगली हाताळते. मात्र नावांचे नियम वेगळे आहेत. लिनक्स नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखे दिसणारे कोलन चिन्ह चालवून घेते. विंडोजला ती चालत नाहीत.

मराठी नावांच्या बाबतीत त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती मला कुठेही मराठीत लिहिलेली आढळली नाही. विंडोजमध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ अक्षरचिन्हांची आहे, तर लिनक्सच्या ईएक्सटी४मध्ये ती २५५ बाइटची आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे मराठी नावाला लिनक्समध्ये साधारण ८५ चिन्हेच मिळतात. मी तर इन्स्टॉलेशनच्या वेळी होम फोल्डर कुलूपबंद करण्याचा पर्याय घेतला होता. त्यात नावेही कूटबद्ध होत असल्याने मर्यादा १४३ बाइटवर, म्हणजे सुमारे ४७ चिन्हांवर येते. नुसत्या 'वार्षिक' या शब्दातच सात चिन्हे आहेत. संस्थेचे पूर्ण नाव, वर्ष, 'अंतिम', 'सुधारित' असे सगळे नावात लिहिण्याची आमच्या व्यवसायातली पद्धत इथे अडते आणि फाइल कॉपी होत नाही. मी संस्था व वर्ष फोल्डरच्या नावात घेऊन फाइलचे नाव आखूड ठेवू लागले.

फॉन्टचेही तसेच. विंडोजबरोबर येणारे मंगल आणि कोकिळा हे फॉन्ट मिंटमध्ये नसतात. तिथे त्यांच्याऐवजी दुसरा देवनागरी फॉन्ट बसतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि सोळा पानांची पुस्तिका सतराव्या पानावर जाते. नव्या कामासाठी मी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा, मुक्त परवान्याचा मुक्ता हा फॉन्ट दोन्हीकडे बसवला आहे, आणि अंतिम प्रत नेहमी पीडीएफ करूनच छापखान्याकडे देते. ब्लूटूथच्या माऊसने मात्र हार मानायला लावली: जोडणीची गुप्त खूण प्रत्येक प्रणाली आपली स्वतंत्र तयार करते, त्यामुळे एकीकडे जोडला की दुसरीकडचा तुटतो. खुणा जुळवण्याची युक्ती आहे, पण तारेचा माऊस घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटले.

आता दिवसाचे बहुतेक काम मिंटवर होते. विंडोज फक्त जुन्या फायलींसाठी, वायफाय बंद ठेवून उघडते, आणि जी जुनी फाइल हाती येते, तिचा मजकूर त्याच वेळी युनिकोडमध्ये बदलून सामाईक ड्राइव्हवर ठेवते. रूपांतर करताना रफार आणि पहिली वेलांटी यांच्या जागा हमखास सरकतात, त्यामुळे प्रत्येक पान वाचून घ्यावे लागते. हे काम लवकर संपणारे नाही. ते संपेल तेव्हा सी ड्राइव्ह काढून ती जागा होमला जोडता येईल. मिंट चालू असताना विंडोजचे पार्टिशन पुसून मेनू नव्याने तयार करणे सोपे आहे. उलट क्रम मात्र जपून करावा लागतो: विंडोज ठेवून लिनक्स काढायचे असेल, तर आधी फर्मवेअरमध्ये विंडोजचा क्रम वर आणून ते ग्रबशिवाय सुरू होते हे पाहावे, आणि मगच लिनक्सची पार्टिशने पुसावीत, नाही तर ग्रबला आपल्या फायली सापडत नाहीत आणि लॅपटॉप काळ्या पडद्यावर आज्ञेची वाट पाहत थांबतो.